घरचं वायफाय सारखं तुटतंय? बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी घरं असोत की गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोडकडचे नवे फ्लॅट, तक्रार एकच ऐकू येते: नेट येतं आणि जातं. कारणं मात्र घरागणिक वेगळी निघतात. खालचे प्रश्न शेजारीपाजारी, नातेवाईक, मित्रमंडळी पुन्हापुन्हा विचारतात. एवढंच सांगेन की पहिला प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. बिघाड घरातला आहे की बाहेरचा, हे ठरवल्याशिवाय नवा राउटर, रिपीटर (वायफाय ऐकून पुढे पोचवणारा डबा) किंवा मोठा प्लॅन घेतला, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. ते ठरवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही.

नेट मधूनच तुटतं. सुरुवात कुठून करू?

नेट तुमच्या हातापर्यंत दोन टप्प्यांत पोचतं. कंपनीपासून राउटरपर्यंत तारेतून, आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून. कुठला टप्पा तुटतो ते आधी बघायचं.

लॅपटॉप राउटरच्या जवळ आणा, पण वायफायवरच ठेवा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा (आज्ञा अशी: ping 192.168.1.1 -t). हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग लावा. आज्ञेच्या शेवटी ‘-t’ जोडला की पिंग थांबत नाही, एकामागून एक ओळी येत राहतात. आता नेहमीचं काम चालू द्या आणि नेट तुटायची वाट बघा.

तुटलं की दोन्ही खिडक्या बघा. राउटरची उत्तरं नीट येतायत, प्रत्येक ओळीत दोन-चार किंवा फार तर दहा-वीस मिलिसेकंद दिसतायत, आणि बाहेरच्या पत्त्यासमोर मात्र ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय, तर वायफाय निर्दोष आहे. लाइन गेली आहे. राउटरच उत्तर देत नसेल, किंवा तीन मिलिसेकंदांवरून आकडा एकदम आठशेवर उडी मारत असेल, तर दोष घरातल्या हवेत किंवा राउटरमध्ये. त्यातलं नेमकं कुठलं, हे कळायला लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून हीच परीक्षा पुन्हा घ्या. केबलवर सगळं सुरळीत चाललं तर हवेतच गडबड आहे. केबलवरही राउटर गप्प झाला तर राउटर किंवा त्याचा अडॅप्टर आजारी आहे.

घरात लॅपटॉप नाही, फोनच आहेत. मग?

फोनवर पिंग करणारी फुकट ॲप्स मिळतात, तीच परीक्षा त्यांवर होते. तेही नको असेल तर एवढंच बघा: नेट जातं तेव्हा घरातल्या सगळ्या फोनांचं आणि टीव्हीचं एकदमच जातं, की एकाच खोलीतल्या माणसाचं, की एकाच फोनचं? सगळ्यांचं एकदम गेलं तर लाइनवर किंवा राउटरवर संशय घ्या. एका खोलीतलंच गेलं तर तो अंतराचा नि भिंतींचा प्रश्न. एकाच फोनचं गेलं तर फोन तपासा.

राउटरवरचे दिवे काय सांगतात?

फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा असेल तर लाइन जागेवर आहे. पॉन लुकलुकत राहिला तर डबा कंपनीच्या यंत्राशी जोडून घ्यायच्या खटपटीत आहे. लॉस लाल झाला म्हणजे प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी राउटर चालू-बंद करून काही साधत नाही. पिवळी किंवा पांढरी बारीक पॅच कॉर्ड कुठे कपाटामागे चेपली आहे का, खिळ्याला करकचून वळली आहे का, टोक सैल आहे का, एवढं बघा आणि तक्रार नोंदवा. फायबरच्या आत काच असते. तीक्ष्ण वळण पडलं की प्रकाश त्या वळणातून बाहेर निसटतो. वेटोळं करायचंच असेल तर वाटीच्या तोंडाएवढं मोठं ठेवा. आणि फायबरचं उघडं टोक डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

बऱ्याच ओएनटींच्या सेटिंग्जच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा दिसतो, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (ताकद मोजायचं एकक) दरम्यान असेल तर ठीक. उणे २७च्या आसपास गेला की लाइन तुटायला लागते, आणि पावसात किंवा वाऱ्यात जोड हलला की हमखास जाते. हा आकडा लिहून ठेवा, तक्रार करताना फार उपयोगी पडतो.

राउटर नेमका कुठे ठेवावा?

याच एका गोष्टीने सर्वांत जास्त घरं सुधारतात, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या वाड्याचं उदाहरण घेऊ. तार रस्त्यावरून येते, म्हणून बसवणारा माणूस राउटर दिवाणखान्यात, रस्त्याकडच्या भिंतीवर लावून जातो. मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, वर माडी. मधल्या भिंती दीड-दीड फुटी, चुन्यात बांधलेल्या. पहिली भिंत ओलांडतानाच सिग्नल निम्म्याहून कमी होतो, दुसरीनंतर पाच गिगाहर्ट्झचा (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी वेगवान पट्टीचा) जवळजवळ संपतो. त्यात राउटर कोनाड्यात असेल तर तिन्ही बाजूंनी वीटच. निम्मं वायफाय रस्त्यावर सांडतं आणि स्वयंपाकघरात सुनेचा व्हिडिओ कॉल अडकतो.

पण अशा वाड्यांत एक सोयही असते. मजल्यांच्या मधे सिमेंटचा स्लॅब नसतो, लाकडी तक्तपोशी असते, आणि लाकडातून सिग्नल सहज जातो. म्हणून राउटर जिन्याच्या तोंडाशी, खांद्याच्या उंचीवर आणला की माडीवर उत्तम सिग्नल मिळतो. जिन्याची पोकळी तर मोकळा रस्ताच असते. राउटरला दोन अँटेना असतील तर एक उभी आणि एक आडवी ठेवा; उभी अँटेना आजूबाजूला पसरवते, आडवी वर-खाली.

फ्लॅटमध्ये उलटं. भिंती बारीक, चार किंवा नऊ इंची, पण स्लॅबमध्ये सळया, बाथरूममध्ये नळ आणि टाइल्स. फायबर डक्टमधून येतं, म्हणून डबा मुख्य दारामागे चपलांच्या कपाटावर बसतो आणि शेवटची बेडरूम कोरडी राहते. बसवतानाच त्या माणसाला सांगा, ‘भाई, हॉलच्या मधल्या भिंतीपर्यंत आणून दे.’ वायर जास्त लागेल म्हणून तो कुरकुर करेल. तरी आग्रह सोडू नका. नंतर रिपीटरवर होणाऱ्या खर्चापेक्षा ती वायर स्वस्त पडते.

लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी, टीव्हीची पाठ, यांच्या मागे राउटर ठेवू नका. धातू सिग्नल परत फेकतो, पाणी शोषून घेतं. भिंत तिरकी ओलांडावी लागत असेल तर ती तितकी जाड होते, हेही ध्यानात घ्या: राउटर दोन-तीन फूट सरकवल्यावर सिग्नल सरळ दारातून जायला लागतो आणि खोली जागी होते.

सिग्नल पुरेसा आहे हे कसं ओळखायचं? फोनवर तर तीन कांड्या दिसतात.

कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय मोजणारं ॲप घ्या आणि डीबीएम बघा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ला कुरकुर सुरू होते, उणे ८०पलीकडे तुटणारच. फोन हातात घेऊन घरभर हळूहळू फिरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर मांडा.

२.४ वापरू की ५ गिगाहर्ट्झ?

राउटर ज्या खोलीत आहे तिथे आणि शेजारच्या खोलीत ५. लांबच्या खोलीत २.४, ते हळू, पण भिंतीतून जास्त आत जातं. स्मार्ट बल्ब, वायफाय कॅमेरे, जुने प्रिंटर बहुधा २.४च ओळखतात.

बरेच राउटर दोघांना एकच नाव देतात आणि फोनला आपोआप इकडून तिकडे नेतात. हे अदलाबदलीचं काम काही फोनांना जमत नाही. ते मधल्या खोलीत गोंधळतात आणि तुम्हाला वाटतं नेट गेलं. असं होत असेल तर दोन्हींना वेगवेगळी नावं द्या आणि चार दिवस वापरून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा एक करा.

दिवसभर बरं चालतं, रात्री आठ ते अकरा हाल होतात. का?

दोन शक्यता. बाहेरच्या पत्त्याचं पिंग त्याच वेळात बिघडत असेल आणि राउटरचं नाही, तर कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे. राउटरचं पिंगही बिघडत असेल तर तुमच्या इमारतीची हवा भरली आहे.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेलं, म्हणजे पट्टीतल्या मार्गिका, मिळतात, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि सिग्नलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. म्हणजे एकमेकांना न लागणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. चार मजली इमारतीत प्रत्येक घरी एक राउटर असेल तर या तिघांवर किती गर्दी होईल ते बघाच. त्यातल्या त्यात कमी गर्दीचं चॅनेल निवडा आणि रुंदी २०वरच ठेवा. ४० केली तर जवळजवळ सगळी पट्टीच व्यापली जाते आणि त्रास उलट वाढतो. कोणी नाही म्हणून ३ किंवा ४ निवडू नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर चढलेली चॅनेलं तसं करू शकत नाहीत, एकमेकांना फक्त गोंगाट म्हणून ऐकतात.

५मध्ये जागा भरपूर आहे. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं घ्या. मधली ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटर ते चॅनेल ताबडतोब सोडतो, आणि नवं मधलंच चॅनेल घ्यायचं तर आधी साधारण मिनिटभर नुसतं ऐकत बसतो. ५चं नाव अचानक यादीतून गायब होऊन मिनिटाने परत येत असेल तर हेच कारण असण्याचा संभव आहे.

मायक्रोवेव्ह लावला की नेट जातं, हे खरं?

खरं. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. फोन ५वर न्या. ब्लूटूथही त्याच पट्टीत असतं. लॅपटॉपला यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावल्यावर वायफाय मंदावत असेल तर डिस्क लांब वायरने दूर ठेवा, तिच्या वायरीतून याच पट्टीत गोंगाट निघतो.

मे महिन्यात भर दुपारी राउटर बंद पडतो. गरम होऊन?

बहुधा हो. घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बडोद्याच्या हवेचाच पारा त्याच्या वर जातो, मग टीव्हीच्या बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसलेल्या राउटरचं काय होत असेल! त्याला उघड्यावर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. वर रुमाल, विणलेलं झाकण, फोटो काही नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या अगाशीखाली राहत असाल तर छताजवळ मुळीच लावू नका.

लाइट जाऊन आली की राउटर रुसतो. कधीकधी लाइट न जाताही आपोआप पुन्हा सुरू होतो.

सेटिंग्जमध्ये ‘अपटाइम’ बघा, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते. लाइट गेली नसतानाही अपटाइम काही मिनिटांचाच दिसला तर राउटर स्वतःहून बंद-चालू होतोय. बहुतेक वेळा दोषी अडॅप्टर असतो. दोन-तीन वर्षांत तो थकतो, ताण वाढला की व्होल्टेज पडतं. नवा घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, साधारण १२. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतील, कमी नाही. पिनही तशीच हवी. एवढं बदलून बरेच ‘मेलेले’ राउटर वर्षानुवर्षं चालतात.

इन्व्हर्टर असूनही लाइट जाताच राउटर बंद होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर करा, म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीवर लवकर जातो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही त्यावर घ्या. एकच घेतला तर वायफाय दिसेल, नेट नसेल.

रिपीटर घेऊ का? दुकानदार म्हणतो, लावला की झालं.

रिपीटर कोरड्या खोलीत लावायचा नसतो, हे आधी लक्षात घ्या. त्याला स्वतःला चांगलं ऐकू आलं तरच तो पुढे चांगलं बोलणार. राउटर आणि कोरडी खोली यांच्या मधोमध, जिथे उणे ६५च्या आसपास आकडा दिसतो, तिथे लावा. शिवाय साधा रिपीटर त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. वॉट्सॲपला पुरतो, ऑनलाइन क्लासला कधी पुरतो कधी नाही.

माझं मत विचाराल तर लॅन केबल टाका. जुन्या घरात अगाशीवरून किंवा चौकाच्या कडेने, फ्लॅटमध्ये टीव्हीच्या जुन्या पाइपातून कॅट ६ केबल नेता येते. १०० मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. पलीकडच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा) लावला की मागच्या खोलीत राउटरशेजारी बसल्यासारखं नेट येतं. मेश (एकाच नावाचं वायफाय देणाऱ्या डब्यांचा संच) घेणार असाल तरी त्याचे डबे शक्य तिथे केबलनेच जोडा. केबल टाकणाऱ्याला आठही तारा क्लिपमध्ये बसवायला सांगा. चारच जोडल्या तर १०० एमबीपीएसच्या वर वेग जात नाही.

जुना राउटर पडून आहे. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून चालेल?

चालेल. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पत्ता बदला, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरची लाइन जोडायचं भोक) लॅनच्या भोकात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर वेगवेगळे पत्ते वाटत बसतात, आणि फोन जोडलेला दिसूनही नेट नाही असा प्रकार होतो.

घरात सगळ्यांचं चालतं, एकट्या बाबांच्या फोनचं तुटतं.

त्या फोनवर ते नेटवर्क ‘विसरा’ आणि पासवर्ड पुन्हा घाला. बॅटरी सेव्हर बंद करून बघा. वायफाय कमकुवत वाटलं की आपोआप मोबाइल डेटावर जाण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा. राउटरवर सुरक्षा, म्हणजे पासवर्डची पद्धत, फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर जुने फोन नि प्रिंटर अडखळतात. डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय ठेवा. राउटरवर ठरावीक उपकरणांनाच परवानगी दिली असेल तर नव्या फोनचा बदलता मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) आड येतो, त्या नेटवर्कपुरता तो स्थिर करा. विंडोजच्या लॅपटॉपचं तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखालची, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढा.

कॉल चालू असताना कोणीतरी फोटो चढवायला घेतले की माझा आवाज तुटतो. प्लॅन वाढवू?

लगेच नको. फोनचा बॅकअप अपलोडची सगळी वाट भरून टाकतो आणि तुमच्या आवाजाचे तुकडे मागे रांगेत उभे राहतात. बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कोणाला किती वेग द्यायचा हे ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली लावा.

वॉट्सॲप चालतं, पण वेबसाइट उघडत नाहीत.

डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, अडलेली असू शकते. राउटरवर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा.

राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू का?

नका घालू. ते रीसेट आहे. कंपनीने भरलेलं नाव-पासवर्ड पुसलं जातं आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. रीस्टार्ट म्हणजे फक्त वीज काढणं, अर्धा मिनिट थांबणं, पुन्हा लावणं.

उत्तरायणानंतर दरवर्षी आमची लाइन जाते. योगायोग?

नाही. पोळांमधून, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांमधून, फायबर खांबावरून खांबावर, अगाशीवरून अगाशीवर लोंबत जातं. १४ आणि १५ जानेवारीला त्यावर पतंग अडकतात, मांजा गुंडाळला जातो, आणि पोरं खालून ओढतात. केबल वरून शाबूत दिसते, पण आतली काच ताणली जाते किंवा जोड सुटतो. लॉस लाल नसला तरी आरएक्स पॉवर आधीपेक्षा तीन-चारने खाली गेला असेल तर समजा. तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. सण झाल्यावर अगाशीवरून नजर टाका, पण अडकलेला दोरा स्वतः ओढू नका. शेजारी विजेची तार असते.

कंपनीला तक्रार कशी करायची? ते दर वेळी ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढंच सांगतात.

‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. म्हणा: ‘लॅन केबलवर तपासलं, राउटरचं पिंग ठीक आहे, बाहेरचं रात्री साडेआठ ते साडेनऊ तुटतं, आरएक्स पॉवर उणे २७ आहे.’ पिंगच्या खिडकीचे फोटो पाठवा. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२च्या नियमांनुसार तक्रार निवारणाचे दोन टप्पे आहेत: आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. अपिलासाठी तोच क्रमांक लागतो. माणूस घरी आला तर त्याच्याकडच्या पॉवर मीटरवर डब्याच्या टोकाशी मोजायला सांगा, आणि तो जाण्याआधी सगळ्यात लांबच्या खोलीत नाही, लॅन केबलवर वेग मोजून घ्या.